विमलबाईसाठी धुळ्याच्या मेळाव्याले

धुळ्याले रेडिओ ऐकणाऱ्यांचा मेळावा झाला, तिथं मी जाऊन आले. आपल्या मंडळातल्या पुष्कळ जणांले येता आलं नाही. कोणाची कपाशी वेचायची राहिली होती, कोणाचे गुडघे धरले होते. ते म्हणाले, कौसाबाई, तू लिही तिथं काय झालं ते. मी म्हटलं, मी तिसरी शिकलेली बाई, माझी ओळ सुरू होते वर आन संपते खाली. मंडळ चालवणारे नाना म्हणाले, घसरू द्या आक्का, आम्ही मान वाकडी करून वाचू. म्हणून लिहून राह्यले. मन हलकं आहे तवर लिहून घेते.

ज्याले आपला हा कारभार माहीत नाही त्याच्यासाठी आधी थोडं सांगते. दर बुधवारी दुपारी रेडिओवर पसंतीची गाणी लागतात. आपण पोस्टकार्डावर गाणं लिहायचं, खाली आपलं नाव गाव, आन त्याच्याखाली आपल्या सोबतच्यांची नावं. ही सोबतची माणसं आपण कधी पाहिलेली नसतात. कोणी फैजपूरचं, कोणी चोपड्याचं, कोणी पार तिकडं साक्रीकडलं. रेडिओवरच्या ताई सगळी नावं वाचतात. नाव ऐकू आलं की माणूस बरं आहे एवढं समजायचं. आन कोणी वारलं तर त्याच्या नावापुढं 'यांच्या स्मरणार्थ' असं लिहायचं. एकानं लिहिलं की बाकीचे पुढच्या बुधवारी लिहितात. ही आमची रीत. आता लोक मोबाईलवरून पाठवतात, पण आम्ही जुने कार्डावरच आहोत.

बावीस वर्षं झाली, मी पहिलं कार्ड टाकलं होतं. मालक जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची आन रेडिओ पिशवीत घालून बाभळीले टांगायची. गावात मले कौसा म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं. कोणी गौतमची माय म्हणे, कोणी नुसतं बाई. त्या बुधवारी रेडिओतून माझं नाव आलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. मी वेचता वेचता खाली बसले. पुढच्या बुधवारी साक्रीकडच्या विमलबाई म्हणून कोणी होत्या, त्यांच्या कार्डात माझं नाव आलं. मी त्यांचं घातलं. तेव्हापासून कित्येक वर्षं एकही बुधवार चुकला नाही, ना तिचा ना माझा. फोन नंबर कधी मागितला नाही. कार्डात कुठी मागणार? सगळा गाव ऐकतो.

मधात माझा गौतम गेला. तापानं, आठ दिवसांत. बावीस वर्षांचा होता. मी लिहिणं सोडलं. रेडिओ पण मी लावत नव्हते, शेजारीण लावे, तो भिंतीपलीकडून ऐकू येई. वर्षभर दर बुधवारी विमलबाईच्या कार्डात माझं नाव येत राहिलं. तिले काय माहीत मी मेले का जगले? पण 'स्मरणार्थ' तिनं एकदाही लिहिलं नाही. साधं नाव लिहिलं. वर्षानं मी पुन्हा कार्ड टाकलं, त्यात तिचंच नाव पहिलं होतं.

आता मी काय केलं ते सांगते, मग तुम्ही मले काय म्हणायचं ते म्हणा.

औंदा पोळा झाला आन विमलबाईचं नाव येणं बंद झालं. एक बुधवार, दोन बुधवार, करता करता अकरा झाले. मी जामनेरच्या बाजारात मिरची घ्यायले गेले, तर मिरचीवाला साक्रीकडला निघाला. मी विचारलं, तुमच्याकडे रेडिओ ऐकणारी एक बाई आहे का? तो म्हणे, व्हती एक म्हातारी, रेडिओ कानाले लावीसन फिरे, गई ती. नाव काय, गाव कोणतं, मी काहीच विचारलं नाही. पाव किलो मिरची घेऊन घरी आले आन कार्ड लिहिलं. 'माझी मैत्रीण विमलबाई यांच्या स्मरणार्थ.' गाणं मागितलं विहिरीवर पाणी भरतात ते.

ते कार्ड वाचलं गेलं. पुढच्या बुधवारी अर्ध्या खानदेशानं तिले स्मरणार्थ लिहिलं. तिसऱ्या बुधवारी ताई कार्ड वाचता वाचता थांबल्या. मग म्हणाल्या, हे पत्र साक्री तालुक्यातून आलंय. 'मी विमलबाई. मी हयात आहे. कौसाबाईंनी धुळ्याच्या मेळाव्याला यावं आणि आपल्या डोळ्यांनी बघावं.' एवढंच होतं. गाणं पण मागितलेलं नव्हतं. ताईंनी आपल्या मनानं एक लावलं.

माझी थोरली सून रेखा भाकर भाजत होती, ती एवढी हसली की भाकर जळाली. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आन तवा उतरवला. विमलबाईनं माझं नाव वर्षभर जितं ठेवलं होतं, आन मी अकरा आठवड्यांत तिले मातीत घालून आले.

जायच्या आधी

जायचं तर ठरलं. आता जायचं कसं, कितीत.

मेळाव्याची फी तीनशे, त्यात दोन वेळचं जेवण, चहा आन रात्रीची सतरंजी. एसटीत बाईले अर्धं तिकीट, तरी जाऊन येऊन चार गाड्या लागतात. माझ्याजवळ वेचणीचे अकराशे होते. त्यातले दोनशे मी वेगळे बांधले, म्हटलं हे अडीनडीचे, याले हात लावायचा नाही. रेखा म्हणे, "आत्याबाई, मेळाव्यात अडीनडी काय येणार आहे? कोणी गाणं उसनं मागणार आहे का?"

मी म्हटलं, "विमलबाईनं हाकललं तर त्याच दिवशी परतायले गाडी नको का?"

खरी अडचण पैशाची नव्हती. विमलबाईले काय न्यायचं ही होती. आपण एखाद्याले जितेपणी स्मरणार्थ लिहिलं तर त्याच्या घरी काय घेऊन जातात? कोणाले विचारणार? रेखा म्हणे लुगडं न्या. म्हटलं, ती माझ्यासारखी आहे का सवाशीण आहे ते माहीत नाही, रंग कोणता घेऊ? बांगड्या म्हणे. तेच झालं. बावीस वर्षांत मले तिचं नुसतं नाव माहीत. तिच्या कपाळाले कुंकू आहे का नाही ते माहीत नाही, पोरं किती ते माहीत नाही. पेढे न्यावे तर दुकानदार विचारील कशाचे, आन काय सांगू, माझी मैत्रीण जिती निघाली त्याचे?

शेवटी भरताची वांगी घेतली. हिवाळ्यात आपल्या जळगावाकडची हिरवी मोठी वांगी, ती कोणालेही चालतात. रडत्याले चालतात, रागावलेल्याले पण. नऊ घेतली, चांगली हातभर, बिनकिडीची. एकेक उचलून पाह्यलं, हलकं लागलं तेच घेतलं, जड वांग्यात बिया असतात. चारदोन रुपये कमी करायले मी घासाघीस केली नाही, ती पहिलीच वेळ.

शिदोरीले दशम्या आन शेंगदाण्याची चटणी बांधली. जेवण फीत होतं, पण फीतलं जेवण पोटात पडेल तेव्हा खरं.

आपले रघुनाथ नाना रोज फोन करत. ज्यांले माहीत नाही त्यांले सांगते, नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर झाले आन तेव्हापासून आपलं मंडळ चालवतात. मेळाव्याचं सगळं त्यांच्या एका लाल वहीत. मांडव, माईक, शाली, नारळ, बट्टीचं पीठ, प्रत्येकाचं वेगळं पान. मले फोनवर म्हणे, "आक्का, मेळावा आधी कागदावर होतो, मग मांडवात. आपल्या वहीत चूक सापडली तर मी मिशी काढीन."

मी विचारलं, "नाना, विमलबाईचं नाव आहे का येणाऱ्यांत?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "नाव आहे. फी आलेली नाही."

शनिवार

जामनेरहून येणारी गाडी नेरीजवळच्या आमच्या फाट्याले धरली, जळगावले उतरले. नाना स्टँडवर उभेच होते, पांढरा शर्ट, खिशाले दोन पेन, काखेत वही. मी जयभीम केला, त्यांनी रामराम केला. गाडीत त्यांनी मले खिडकी दिली आन स्वतः वही उघडून बसले.

एरंडोलच्या अलीकडे एक म्हैस मधी आली. ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला की माझी पिशवी सीटखालून निघाली आन नवच्या नव वांगी गाडीभर पसरली. एक पार ड्रायव्हरच्या पायापाशी गेलं. मी उठायले गेले तर नाना म्हणे, बसा आक्का, पडाल. मग लोकांनीच पास केली. मागच्या माणसानं एक दिलं, कॉलेजच्या दोन पोरी एकेक घेऊन आल्या, एक बाई वांगं हातात फिरवत म्हणे, "कितीले दिलं, मावशी? भलतं सुंदर आहे."

"इकायचं नाही, माय," मी म्हटलं. "माफी मागायले नेऊन राह्यले."

"वांग्यानं माफी?" ती म्हणे. "माझ्या सासूले सांगा बरं असं काही." सगळी गाडी हसली. ड्रायव्हरपाशी गेलेलं फुटलं होतं. आठ राहिली. कंडक्टर फुटलेलं घेऊन आला आन म्हणे, याचं अर्धं तिकीट लागेल. बरा माणूस होता.

पारोळा गेलं तशी बोली बदलत गेली. आपल्याकडे 'आहे' म्हणतात, तिकडं 'शे'. चढणारी माणसं एकमेकांले विचारत होती, कसं काय शे, बठ्ठा बरा शेतस ना, म्हणजे सगळे बरे आहेत ना. मी कान देऊन ऐकत होते. विमलबाई अशीच बोलत असेल. ती मले काय बोलेल ते मी तिच्या बोलीत मनात म्हणून पाहात होते, पण मले येत नव्हती. शिव्या तर एकाच बोलीत समजतात बाप्पा, दुसऱ्या बोलीतल्या शिवीले उत्तर काय द्यायचं?

धुळ्याले दिवस मावळायच्या आत पोहोचलो. मंगल कार्यालय मोठं, बायांची सोय वरच्या हॉलात. वर गेले तर वीसेक बाया सतरंजीवर बसलेल्या. कोणी कोणाचं तोंड ओळखत नाही, सगळ्या नाव विचारतात. "तुम्ही चोपड्याच्या सुमनबाई का?" "अगं तुमचं नाव दर बुधवारी घेते मी!" अशी रडारड आन हसाहस चालली होती. मी दारात चपला काढल्या तशी एकजण म्हणे, "आन तुम्ही?"

मी नाव सांगितलं.

सगळ्या माझ्याकडं वळल्या. मग कोपऱ्यातून एक जाड बाई म्हणाली, "तूच का वं? जीनी विमलबाईले मारं ती?"

"मीच," म्हटलं.

"बस, बस," ती म्हणे. "मना नवरानं बी एक कार्ड लिख. पता देस मी."

नवऱ्याचं पण स्मरणार्थ लिही म्हणे! तेव्हा जो हशा झाला त्यात मी पण हसले, पण माझं लक्ष एकेका तोंडाकडं होतं. विमलबाई तिथं नव्हती. मी शिदोरी सोडली, दशम्या सगळ्यांनी तोडून खाल्ल्या. धुळ्याच्या बायांले आपली चटणी फिकी लागली. त्यांनी त्यांची दिली, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांले वाटलं मी रडून राह्यले, आन मी ते खोडून काढलं नाही.

रविवार

सकाळी मागच्या अंगणात आचाऱ्यांनी गोवऱ्यांचा विस्तव केला आन बट्ट्या भाजायले घातल्या. माझी वांगी मी तिथंच भिंतीशी ठेवली. मग मांडवाच्या दारात उभी राहिले. ज्या बाया येत त्यांले विचारत होते, साक्रीच्या का? कोणी म्हणे शिरपूर, कोणी म्हणे दोंडाईचा. एका बाईनं तर मलेच विचारलं, साक्रीच्या का? तिले पण विमलबाईले पाहायचं होतं. मेलेली बाई जिती झाली म्हणून लोकांले हौस. साक्रीची सकाळची गाडी आली आन गेली, त्यात ती नव्हती.

रेडिओवरच्या ताई आल्या. मले वाटे उंच असतील. लहानशा निघाल्या, सर्दी झालेली, हातात रुमाल. पण बोलल्या आन सगळ्या मांडवानं डोळे मिटले. डोळे मिटल्यावर त्या आपल्या ताई होत्या.

मग नाना माईकपाशी गेले. वही उघडली. म्हणाले, या वर्षात आपले जे श्रोते आपल्याला सोडून गेले त्यांची नावं वाचतो, नंतर सर्वांनी दोन मिनिटं उभं राहायचं. त्यांनी नावं वाचली. पहिलं भुसावळचं, दुसरं यावलचं. पाचवं नाव वाचलं, विमलबाई, तालुका साक्री.

चारपाचशे माणसं उभी राहिली. मी पण उभी राहिले. माझ्या मनात आलं, ती खरंच गेली. पत्र आलं होतं त्याले महिना झाला, महिन्यात माणूस जाऊ शकतं. फी आली नाही. सकाळच्या गाडीत नव्हती. मी लिहिलं तेव्हा ती जिती होती, मी लिहिल्यानंतर गेली. आन मी वांगी घेऊन आले.

माझ्यावर मागं जे काही आलं ते मी गपचूप सोसलं. मालक गेले तेव्हा नाही बोंबलले, गौतमच्या वेळेले नाही बोंबलले. पण तिथं मले उभं राहवलं नाही. सगळे मान खाली घालून उभे, आन मी मधल्या वाटेनं चालत स्टेजवर गेले. पायऱ्या तीन होत्या. नानांनी डोळे उघडले, हळूच म्हणाले, "आक्का, एक मिनिट बाकी आहे."

मी माईकच्या तोंडाशी तोंड नेलं. मले माईकवर बोलायची सवय कुठली. एकदम मोठा आवाज झाला. मी म्हटलं, "मी कौसाबाई. विमलबाईच्या स्मरणार्थ मी लिहिलं होतं. बाजारात ऐकून लिहिलं. नाव पण विचारलं नव्हतं. ती चूक माझी आहे, वहीची नाही. ती जिती असेल तर हे नाव खोडा. आन खरंच गेली असेल तर कोणी तरी मले सांगा कधी गेली, मी तिच्या घरी जाते."

कोणीच मान वर केली नाही. दोन मिनिटं चालू होती ना.

मग पार मागून, दारातून, एक आवाज आला. "ओ माय! मी आठे शे! जित्ती शे मी!"

सगळ्या मांडवानं मागं पाहिलं. दारात एक बुटकी, गोरी म्हातारी उभी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, हातात चपला. नंतर कळलं ते असं की तिची गाडी वाटेत पंक्चर झाली होती, ती धावत आली, मांडवात पाय ठेवते तर सगळे मान खाली घालून उभे. ती पण रीतीप्रमाणं चपला काढून उभी राहिली. शेजारणीले हळू विचारलं, "कोन मरनं वं?" शेजारीण म्हणे, "साक्रीनी विमलबाई." तेवढ्यात मी माईकवर.

ती मधल्या वाटेनं चालत आली आन चालता चालता बोलत होती. "आते मनासाठे मीच उभी ऱ्हाऊ का? कोन शे तो वहीवाला?" लोक हसायले लागले, हसता हसता टाळ्या वाजवायले लागले. ताईंनी रुमाल तोंडाले लावला. नाना वहीकडं पाहात होते, त्यांचा चेहरा उतरून गेला होता. स्मरणार्थ कार्डं आली तेव्हाच त्यांनी त्या पानावर नाव लिहिलं होतं, येणाऱ्यांचं पान वेगळं, जाणाऱ्यांचं वेगळं. एकाच बाईचं नाव दोन्ही पानांवर होतं आन त्यांनी दोन्ही पानं कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

विमलबाई स्टेजवर चढली. माझ्या तोंडाकडं पाहिलं, खाली पायांकडं पाहिलं, पुन्हा तोंडाकडं. "तूच का वं कौसा? तू तं काडी शे. रेडिओवर मोठी वाटस."

मी तिचे पाय धरायले वाकले तर तिनं माझा दंड धरला. तिची पकड भलती घट्ट होती. मेलेल्या बाईची नव्हती, हे मले तेव्हा पटलं. मी तिच्या दंडाले हात लावून पाहिला. ऊन होता.

नानांनी खिशातलं पेन काढलं, सगळ्यांसमोर नाव खोडलं. विमलबाई म्हणे, "नीट खोडा, नाना." जाड बाई खालून ओरडली, "आन मिशी?" नानांनी फोनवर मले सांगितलेलं मी रात्री वर हॉलात बोलून बसले होते. नाना म्हणाले, "जेवण झाल्यावर."

जेवायच्या आधी तिनं विचारलं काय आणलं. मी वांगी दाखवली. तिनं एकेक उचलून पाहिलं, हलकी आहेत म्हणून मान डोलावली आन सरळ आचाऱ्यांच्या विस्तवात नेऊन खुपसली. आचारी म्हणे, आजी, आमच्या बट्ट्या आहेत. ती म्हणे, "ऱ्हाऊ दे, वांगा काय बट्टी खातस का?" तिथंच सालं काढली, मिरच्या मागून घेतल्या, लसूण, शेंगदाणे, तेल. आपण भरीत लाकडी बडगीत ठेचतो, ती परातीत हातानंच मळते. आन मिरची बापरे. आम्ही दोघी विस्तवाशी बसून बट्टी आन भरीत खाल्लं. मांडवातलं वरण आमच्यापर्यंत आलंच नाही, आम्हाले त्याची याद पण आली नाही.

खाता खाता मी विचारलं, "अकरा बुधवार तू का नाही लिहिलं?"

तिनं विस्तवातली एक बट्टी उलटवली. मग म्हणे, "तू मनं नाव काढी टाकं व्हतं."

मले काही समजेना. मग तिनं दिवस सांगितला, तसं आठवलं. माझ्या नातीले जुळी झाली होती. कार्डावर नावं मावतात ती मोजकी, मी त्या जुळ्यांची दोन घातली, एक विमलबाईचं काढलं, एक चोपड्यावाल्यांचं. म्हटलं, एका बुधवारनं काय होतं. चोपड्यावाल्यांले काही वाटलं नाही. ही रुसून बसली.

"चार हप्ता म्हंत, देखू कोनी इचारस का," ती म्हणाली. "मंग लिखानी लाज वाटनी. आते काय म्हनीसन लिखू? रुसनी व्हती म्हनीसन? नवं कार्ड लई उनी, चुल्हापान बठेल व्हती, लिखाले घेतं, आन रेडिओमा तू मना स्मरणार्थ!"

नवं कार्ड आणून ती चुलीपाशी लिहायले बसली आन तेव्हाच माझं स्मरणार्थ वाचलं गेलं. मग पुढचं सगळं तिनं हसत हसत सांगितलं. सून बोंबलली. बठ्ठा गाव गोळा झाला. सुरतेहून लेक रडत आली, दोन दिवसांचा खाडा पडला तिचा. नवरा कानानं बहिरा, त्यानं रेडिओ ऐकलाच नव्हता. दारात एवढे लोक पाहून तो विमलबाईलेच विचारत होता, कोण गेलं, आन ती त्याच्या कानात ओरडून सांगत होती, मी.

मी हसले नाही. मी म्हटलं, "लेकीचा खाडा माझ्यामुळं पडला. मी दोनशे रुपये वेगळे आणले आहेत, ते तिले दे."

तिनं मळक्या हातानं माझा हात बाजूले केला. "ठेव," म्हणे. "लेक तीन वरीसथीन माहेर उनी नव्हती." मग भरताचा गोळा माझ्या ताटात टाकला. "आन गानं मातर तू बेस मांगं व्हतं. मना मराले तेच पायजे. ध्यानमा ठेव."

"ठेवते," म्हटलं. "पण आता लवकर नाही लागायचं ते. मी आधी जाईन."

"नही," ती म्हणे. "तुले काय गानं पायजे ते सांगी दे, मंग जाय."

मी सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

जेवण झाल्यावर नाना सापडले नाहीत. संध्याकाळी आले ते मिशीसकट. म्हणे धुळ्यात रविवारी न्हावी बंद असतात.

सोमवार

सकाळी तिची गाडी आधी होती. आम्ही स्टँडवर बाकड्यावर बसलो. बोलायले काही राहिलं नव्हतं. खरं म्हणजे तोंडासमोर बसून बोलायची आमची सवयच नव्हती. बावीस वर्षं फक्त एकमेकींचं नाव ऐकलं. ती म्हणे, चहा. मी म्हटलं, पाजते. चहा घेतला. धुळ्याचा चहा गोड फार. तिनं माझ्या डबड्या मोबाईलमध्ये तिचा नंबर एका कॉलेजच्या पोरीकडून टाकून घेतला आन तिथंच बसून मले रिंग दिली. वाजला. मी उचलला. दोघी एकाच बाकड्यावर.

"कोन?" ती म्हणाली.

"कौसा," म्हटलं.

"बेस," म्हणाली आन फोन ठेवला. तिची गाडी लागली, ती चढली, खिडकी मिळाली का नाही ते गर्दीत दिसलं नाही.

मी आन नाना जळगावले आलो. पुढं जामनेरच्या गाडीत एकटीच बसले. पैसे मोजले, सगळं जाऊन तीनशे उरले होते, दोनशेची गाठ तशीच. नेरीच्या पुढं आमच्या फाट्याले मले उतरायचं होतं. मले गाडीत कधी झोप लागत नाही. घरी पण पहाटे तीनले डोळे उघडतात, कित्येक वर्षांची खोड आहे. पण त्या दिवशी जळगाव सुटलं ते मले आठवतं, त्याच्यापुढचं आठवत नाही. नेरी गेलं, फाटा गेला. कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा गाडी जामनेर स्टँडात उभी होती, रिकामी.

"आजी, कुठी उतरायचं होतं तुम्हाले?" तो रागावून म्हणे.

मी सांगितलं.

"मंग झोपल्या काय एवढ्या? तीन वेळा आवाज दिला मी."

मी म्हटलं, "दे बाप्पा, परतीचं तिकीट दे. पुन्हा आवाज देऊ नको. फाटा आला की हलव मात्र."